नऊ नंबरच्या पेशी

अकोल्याच्या जुन्या शहरात सुनंदाताई तायडे यांना 'लॅबवाली' म्हणत. सकाळी सहाला त्या घरातून निघाल्या की गल्लीतलं कोणी ना कोणी ओट्यावरून हाक मारायचं, "सुनंदा, शुगर तपासून आनशीन का वं आज?" एका म्हातारीने तर एकदा पदराखालून लघवीची बाटली काढून सरळ त्यांच्या हातात ठेवली. ताईंनी ती घेतली, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे एका पॅथॉलॉजीत नेऊन दिली आणि संध्याकाळी म्हातारीला रिपोर्ट वाचून दाखवला.

"सांगायचं ना, आपली लॅब तसली नाही म्हणून," मी म्हणाले.

"समजावून सांगन्यापरीस ते सोपं होतं," ताई म्हणाल्या.

समजावून सांगणं खरंच अवघड होतं. अमरावतीच्या एमआयडीसीत आमची लॅब होती. खालच्या मजल्यावर मसाल्याच्या पुड्यांचं गोदाम, वरच्या मजल्यावर आम्ही. जिना चढताना हळद-मिरचीने शिंका यायच्या आणि दार उघडलं की स्पिरिटचा वास. तिथे आम्ही माणसाच्या पेशी वाढवत होतो. मी एम.एस्सी. करून नुकतीच लागले होते, ताई तिथे दहा वर्षं होत्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कामाला हात लावू दिला नाही, नुसतं स्टुलावर बसवून सांगितलं. "किनेज म्हंजे काय, पुस्तकातलं तुले पाठ असंन. ते राहू दे. पानी चढवाची मोटर डोळ्यासमोर आन. टाकी भरली का मोटर बंद व्हाले पायजे. कॅन्सरात ती बंदच होत नाई. टाकी वाहूनच रायली, वाहूनच रायली. औषध म्हंजे त्या बटनावर जानारा हात. आता तो हात बरोब्बर त्याच बटनावर जाते का दुसऱ्याच, हे कोनी पाहाचं? आपन."

किनेज म्हणजे पेशीला वाढायचा हुकूम देणारं प्रथिन; त्यासाठी तसं एक बिघडलेलं किनेज मुद्दाम पेशीत घालायचं. त्या किनेजच्या जोरावर पेशी भराभरा वाढते. मग परगावच्या औषध कंपन्या त्यांचे नवे पदार्थ पाठवायच्या, ते आम्ही त्या पेशींवर टाकायचो. वाढ थांबली तर औषध लागू. एका पेशीपासून वाढवलेल्या अशा सारख्या पेशींच्या वंशाला 'लाईन' म्हणतात. आमच्याकडे अकरा लाईन होत्या. त्यांची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून वीतभर लांब, पण ताई त्यांना नंबरनेच हाक मारायच्या. चार नंबर रुसकी, सात नंबर खादाड. नऊ नंबर सगळ्यात अवघड, कारण त्यातलं किनेज जुन्या गोळ्यांना दाद न देणारं होतं. ज्या पेशंटच्या गोळ्या काही वर्षांनी चालेनाशा होतात, त्यांच्यात सापडतं तसं. आमच्या लॅबमधल्या दोघांनी ती लाईन करायचा प्रयत्न सोडला होता. ताईंनी दीड वर्ष लावून केली.

दिसायला त्या उंच, किडकिडीत. केस इतके ताणून बांधलेले की कपाळ ओढल्यासारखं वाटे. हातात बांगडी नाही, अंगाला अत्तर-पावडर नाही. वय एक्केचाळीस. घरी त्या आणि त्यांचे वडील. वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते, आता निवृत्त. ते घर सोडायला तयार नव्हते, म्हणून ताईंचं अकोला-अमरावती अपडाऊन. बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो. सुट्टी नाही, कारण पेशींना दर दोन दिवसांनी खाद्य बदलून द्यावं लागतं. दिवाळीच्या पाडव्यालाही त्या हजर. चौदा एप्रिलला सकाळची गाडी धरून यायच्या, पेशींचं आटपायच्या आणि मिरवणूक निघेपर्यंत अकोल्याला परत. "पेशीले कॅलेंडर नसते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कौतुकाने नाही, कंटाळूनच म्हणायच्या.

त्यांच्या घरात एम.एस्सी. झालेल्या त्या पहिल्या. वडिलांनी त्यांच्या सगळ्या मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या. नोकरीला लागताना लॅबचे मालक डॉक्टर गावंडे यांनी मूळ कागद पडताळणीसाठी मागितले. ताईंनी दिले. ते डॉक्टरांच्या कपाटात गेले ते गेलेच. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मऊ बोलायचे, सगळ्या बायकांना ताई म्हणायचे. पण त्यांनी शिकवून तयार केलेल्या दोन मुली एकामागोमाग एक मोठ्या शहरात निघून गेल्या होत्या. तेव्हापासून ते मूळ कागद ठेवून घ्यायचे. माझेही तिथेच होते. मागितले की म्हणायचे, "सुरक्षित आहेत ताई. तुमच्या घरापेक्षा इथे सुरक्षित."

ताईंचे वडील मधूनमधून विचारायचे, "कागद आले का वं?" ताई म्हणायच्या, "येतीन."

एका पावसाळ्यात नागपूरहून येणारी द्रवरूप नायट्रोजनची गाडी पुरामुळे अडकली. आमच्या सगळ्या लाईनचा मूळ साठा त्याच नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेला. टाकीतली पातळी उतरत चालली. डॉक्टर फोनवर फोन करत बसले. ताईंनी रिकामा कॅन उचलला, मला सोबत घेतलं आणि ऑटो थेट जनावरांच्या दवाखान्याच्या केंद्रावर नेला. गाई-म्हशींच्या रेतनासाठी लागणारं वीर्य गोठवून ठेवायला त्यांच्याकडे नायट्रोजन असतोच, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिथल्या माणसाने कॅन भरता भरता विचारलं, "कोन्त्या जातीचं ठेवता मॅडम? जर्सी का गावरान?"

"मानसाचं," ताई म्हणाल्या.

त्याने कॅन खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "माहं नाव लिवा रजिस्टरात. पुढच्या हप्त्यात भरून परत आनून देते." ऑटोत बसल्यावर मी हसून हसून डोळे पुसत होते. त्या कॅन दोन पायांत घट्ट धरून बसल्या होत्या. "काऊन हासून रायली? खरंच सांगतलं ना," म्हणाल्या. त्यांना खोटं बोलताच यायचं नाही. तो गुण आहे असं त्यांना वाटत नव्हतं. काही लोकांना पोहता येत नाही, तसं ते होतं.

मग तो मे महिना आला. एमआयडीसीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस लाईट नाही. आमच्या जनरेटरवर पेशींचं कपाट चालायचं, एसी आणि फ्रीज चालायचे नाहीत. ते कपाट पेशींना अंगाच्या उबेएवढं गरम ठेवतं, पण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. आणि बाहेर अमरावतीचं ऊन. खोलीच कपाटापेक्षा गरम झाली. आकडा वर सरकायला लागला. चौकीदाराने धावत जाऊन खालच्या गोदामातला कूलर वर आणला, तर ताई त्याच्यावर ओरडल्या. त्या ओरडलेल्या मी तेवढ्याच एकदा ऐकल्या. "कूलर नको बावा! ओल आली का बुरशी, आन बुरशी आली का सारंच गेलं!"

त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या. गोदामातले पत्र्याचे रिकामे डबे धुऊन त्यात लाद्या ठेवल्या, झाकणं लावली आणि कपाटाच्या भोवती डब्यांची भिंत रचली. बर्फ वितळला की डबा बदलायचा. दोन दिवस त्या अकोल्याला गेल्या नाहीत. थर्मामीटरसमोर स्टूल टाकून बसल्या. पेशी वाचल्या.

त्या धावपळीत त्यांनी मला सांगितलं होतं, "कल्यानी, फ्रीज पाह्य." मी फ्रीज उघडला, एक लादी आत ठेवली आणि रजिस्टरात 'फ्रीज ठीक' लिहून सही केली. वरच्या कप्प्यातल्या लहान बाटल्या मी पाहिल्या नाहीत.

पाऊस सुरू झाल्यावर ताईंना हैदराबादच्या एका मोठ्या लॅबमधून पत्र आलं. फोनवर मुलाखत होऊन निवड झाली होती. त्यांनी ते डॉक्टरांना सरळ सांगितलं. आम्हाला वाटलं, डॉक्टर चिडतील. ते म्हणाले, "जा ताई. अकरा वर्षं केलंत, मी अडवणार नाही. फक्त नऊ नंबरचा रिपोर्ट जाऊ द्या. मग कागद, सोडल्याचं पत्र, सगळं देतो."

नऊ नंबरवर एका कंपनीचा नवा पदार्थ तपासायचं काम चालू होतं. दिवाळीच्या आधी ते संपलं. पदार्थ लागू पडत नव्हता, पेशी खुशाल वाढत होत्या. ताईंनी रिपोर्टवर सही केली. कंपनीने तो स्वीकारला आणि त्या पदार्थाचं काम थांबवत असल्याचं कळवलं. हैदराबादला रुजू व्हायची तारीख ठरली. वडिलांनाही नेणार होत्या, तेही कसेबसे तयार झाले होते. त्या दिवसांत ताई डबा खाताना बोलायला लागल्या. तिकडे रविवारी सुट्टी असते म्हणे, पेशींना पाळीपाळीने खाद्य देतात म्हणे. "रविवारी काय करतीन वं लोकं?" त्यांनी मला खरंच विचारलं.

शेवटच्या आठवड्यात त्या सगळ्या लाईन माझ्या ताब्यात देत होत्या. "देताना तपासून देते. मागून तुह्या डोक्याले ताप नको," म्हणाल्या. लाईनमध्ये तिचं किनेज असेल तर ते तपासणीच्या फिल्मवर काळ्या पट्टीसारखं उमटतं. फिल्म उजेडासमोर धरली. अकरा घरं. दहा घरांत पट्ट्या होत्या. नऊ नंबरचं घर कोरं.

त्यांनी तीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. कोरं.

पेशीला बाहेरून घातलेलं किनेजचं जनुक नको असतं. वाढायला दुसरी वाट सापडली की ती ते टाकून देते. म्हणून खाद्यात एक औषध घालतात, जनुक टाकणाऱ्या पेशी त्याने मरतात आणि धरून ठेवणाऱ्या जगतात. नऊ नंबरसाठी लागणारं ते औषध फ्रीजच्या वरच्या कप्प्यात होतं. मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांत ते उष्णतेने निकामी झालं असावं. नंतर पाच महिने आम्ही पेशींना नुसतं पाणी घालत होतो म्हणा ना. ज्या पेशींत ते किनेजच नव्हतं, त्यांच्यावर आम्ही ते किनेज बंद करणारा पदार्थ टाकला होता आणि लागू पडत नाही म्हणून लिहून दिलं होतं.

ताईंनी रजिस्टर मागे मागे उलटत नेलं. मे महिन्याच्या पानावर माझी सही होती. त्यांनी रजिस्टर मिटलं.  पुढचे दोन दिवस त्या बाकीच्या लाईनचं खाद्य बदलत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या मला घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि फिल्म टेबलावर ठेवली. डॉक्टरांना लगेच कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठले, कपाट उघडलं आणि एक जुनी हिरवी फाईल काढून ताईंसमोर ठेवली.

"हे तुमचे कागद. सोडल्याचं पत्र आत्ता टाईप करून देतो. तुम्ही शुक्रवारऐवजी आजच निघा."

"आन नऊ नंबर?"

"ताई, त्या कंपनीने तो पदार्थ सोडून दिलाय. आता कोणी विचारणार नाही. असे शंभर पदार्थ येतात, नव्याण्णव पडतात. हाही पडलाच असता."

"पडला असता, का नसता, ते आपल्याले काय मालूम सर?"

"परत करायचं म्हणजे जुनी कुपी काढून पहिल्यापासून. आठ महिने. ही मुलगी करेल? तुम्हाला करावं लागेल. हैदराबाद आठ महिने थांबेल का तुमच्यासाठी?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. उलट खालीच आला होता. "आणि कंपनीने काम काढून घेतलं, तर खालच्यासारखं वरही गोदाम होईल. मी स्वतः म्हणतोय, जा. अकरा वर्षं मी धरून ठेवलं तुम्हाला, मला कळत नाही का? आता सोडतोय तर निघा."

फाईल टेबलावर होती. ताईंचा हात तिच्यापासून वीतभर लांब. मी मनात म्हणत होते, घ्या ताई, घ्या. त्यांच्यासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

"रिपोर्टावर माही सही हाय," ताई म्हणाल्या. "ती चुकीची हाय म्हून लिहून देते. तुमी कंपनीले पाठवा."

"नाही पाठवलं तर?"

"तर मी इथंच बसून राईन."

 डॉक्टरांनी फाईल उचलून परत कपाटात ठेवली. "मग बसा," म्हणाले.

बाहेर येऊन ताईंनी रजिस्टरात लिहिलं. मे महिन्यात वरचा कप्पा तपासायचा राहिला, नंतर औषधाचा जोर तपासून पाहिला नाही. खाली दोन नावं, सुनंदा तायडे आणि माझं. लिहून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "तुहंबी नाव लिवलं. राग नको मानू. पाहाचं तुह्याकडं होतं, आन तू पाह्यलं का नाई, ते पाहाचं माह्याकडं."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग नायट्रोजनच्या टाकीतून नऊ नंबरची सगळ्यात जुनी कुपी काढायला पाठवलं.

डॉक्टरांनी चार दिवसांनी कंपनीला कळवलं. कंपनीने खूप सुनावलं, पण काम पुन्हा करून मागितलं. हैदराबादवाल्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग डबा खाताना ताईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "वाच बरं. इंग्रजी लय गोड हाय." जागा दुसऱ्याला दिल्याचं पत्र होतं.

त्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्या घरी अकोल्याला गेले. ताई आत चहा करत होत्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्ची टाकून वडील बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, खरं सांग. साहेबानं कागद काढून टेबलावर ठेवले होते म्हने?"

"हो."

"आन हिनं नाई घेतले?"

"नाही घेतले."

ते मान हलवत राहिले. "मी जलमभर साहेबायच्या सहीसाठी दारात उभा रायलो. अन् हिच्या सहीसाठी साहेब थांबला. चांगलंच झालं म्हनाचं." मग म्हणाले, "पन पोरगी अडकली ना वं माही." आतून कपांचा आवाज यायचा थांबला होता. ताईंनी ऐकलं असणार. चहा घेऊन आल्या तेव्हा त्या नळाला चार दिवसांपासून पाणी नसल्याचंच बोलल्या.

आठ महिने त्यांनी नऊ नंबर पुन्हा उभी केली. या वेळी दर पंधरा दिवसांनी पट्टी पाहिली. प्रत्येक वेळी काळी, ठळक पट्टी होती. मग त्या कंपनीचा पदार्थ टाकला. तीन दिवसांनी आम्ही दोघी सूक्ष्मदर्शकावर पाळीपाळीने वाकलो.

पेशी खुशाल वाढत होत्या. पदार्थ लागू पडत नव्हता. उत्तर तेच आलं होतं.

मी स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं, ताई काहीतरी फेकतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. हैदराबाद गेलं, रविवार गेले, आणि शेवटी तेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पहिलंच बरोबर होतं ताई."

त्या आकडे उतरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर होतं. आता खरं हाय."

हे बोलताना त्यांचा आवाज स्थिर होता. पण तो आकडा त्यांनी दोनदा खोडून लिहिला. त्यांच्या रजिस्टरात एका जागी दोनदा खाडाखोड मी तेवढीच पाहिली.

रिपोर्ट गेला त्या दिवशी डॉक्टरांनी आपण होऊन सगळ्यांचे मूळ कागद परत केले. माझेही मिळाले. ताई फाईल घेऊन गाडीने अकोल्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या गाडीने, परत आल्या. मधल्या काळात त्यांनी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एकांनी वय विचारलं, दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही. वडिलांच्या गुडघ्यांनी आता पुलापलीकडेही जाणं होत नव्हतं. "कागद घरी हायेत आता," त्या मला म्हणाल्या. "मी इथं." हसल्या की नाही, मास्कमुळे दिसलं नाही.

मी मात्र निघाले. माझं लग्न ठरलं आणि मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये अर्ज केला. ताईंनी माझ्या शिफारशीचं पत्र हाताने लिहिलं. त्यात माझं चांगलं लिहिलं, आणि फ्रीजचंही लिहिलं. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला घेतलं.

मागच्या हिवाळ्यात बहिणीच्या मुलीच्या बारशाला अमरावतीला आले, तेव्हा परतीच्या दिवशी ऑटो एमआयडीसीकडे वळवायला सांगितला. गाडीला दीड तास होता. एका नव्या मुलीने दार उघडलं. "मॅडम आत आहेत, बसा," म्हणाली.

आतल्या खोलीच्या दाराला चौकोनी काच आहे. मी तिथून पाहिलं. ताई काम करायच्या काचेच्या कपाटासमोर बसल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. केस कानांजवळ पांढरे झाले होते. एकदा हात आत घातले की काम संपेपर्यंत बाहेर काढता येत नाहीत. त्यांनी मान वळवली आणि मला ओळखलं. मास्कवरचे डोळे मोठे झाले. हनुवटीने त्यांनी मला बसायची खूण केली आणि हातमोज्यातली चार बोटं आतल्या आत दाखवली. पेशींच्या चार प्लेटा राहिल्या होत्या.

मी बाकावर बसले. एका प्लेटला त्यांना किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. तीन प्लेटा होईपर्यंत थांबले. मग खाली ऑटोवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी उठून काचेजवळ गेले आणि निरोपाचा हात वर केला. चौथी प्लेट पुढ्यात घेऊन ताई वाकल्या होत्या. पिपेटच्या टोकाशी थेंब जमला होता, तो पडायचा होता, आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे होतं.